निवृत्त युद्धनौकेचं डायव्हिंग रीफ करताना: सफाई, पाण्याचा हिशोब आणि जागा

प्रश्न असा आहे: निवृत्त ‘आयएनएस गुलदार’ निवती रॉकजवळ बुडवून तिचं कृत्रिम रीफ (मासे आणि इतर समुद्री जीव वस्ती करतील असा पाण्याखालचा आडोसा) आणि समुद्राखालचं संग्रहालय करायची योजना जाहीर झाल्यापासून वेंगुर्ला-मालवण पट्ट्यातले डायव्हिंगवाले आणि मच्छीमार विचारताहेत, की परदेशात नागरिकांच्या संस्थांनी अशी कामं कशी केली, त्यात काय बिघडतं आणि आपण नेमकं कशावर लक्ष ठेवायचं.

आधी थेट उत्तर. नौका पाण्याखाली जायला साधारण दोन मिनिटं लागतात आणि कॅमेरे तेवढ्यासाठीच येतात. रीफ चांगलं होणार की वाईट, हे मात्र त्याच्या आधीच तीन कागदांवर ठरलेलं असतं: घातक पदार्थांच्या तपासणीचा अहवाल, बुडताना नौका कशी वागेल याचं गणित, आणि जागेचा लाटांचा अभ्यास. हे तीन कागद मागा, वाचा, न समजलेलं विचारा. बाकी सगळं त्यांच्यामागून येतं.

या कामात नागरिकांच्या संस्थांमध्ये सर्वात जुना हात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘आर्टिफिशियल रीफ सोसायटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया’चा. १९८६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने स्वयंसेवकांच्या बळावर ‘शोदिएर’ (१९९२), ‘मॅकेंझी’ (१९९५), ‘कोलंबिया’ (१९९६), ‘सस्कॅचवान’ (१९९७), ‘केप ब्रेटन’ (२००१) आणि ‘अ‍ॅनापोलिस’ (२०१५) या नौदलाच्या निवृत्त नौका बुडवल्या. ऑस्ट्रेलियात ‘स्वान’पासून (१९९७) ‘टोब्रुक’पर्यंत (२०१८) सात नौका झाल्या. न्यूझीलंड, इंग्लंड आणि फ्लोरिडातही पुरेसा अनुभव जमा आहे. त्यात यश आहे तसं अपयशही आहे, आणि आपल्या कामाचं अपयशच जास्त.

पैशाची बाजू पटकन उरकतो, कारण तिथे एकच मोठा सापळा आहे. नौदल नौका ‘आहे तशी, आहे तिथे’ देतं. गुलदारही फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे (एमटीडीसी) तशीच सुपूर्द झाली. किंमत नगण्य असली तरी त्या क्षणापासून धक्क्याचं भाडं, पहारा, विमा आणि गळतीचे पंप नव्या मालकाच्या खिशातून चालतात. सफाईचा निधी हातात नसताना नौका ताब्यात घेतली, की दर महिन्याला तीच रक्कम गिळत बसते. फ्लोरिडातल्या की वेस्टचं ‘व्हॅन्डनबर्ग’ याच कोंडीत सापडलं होतं. यार्डाचं बिल थकलं आणि डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जहाज लिलावात निघालं. तेरा वर्षांच्या खटपटीनंतर, सुमारे ८६ लाख डॉलर खर्चून, ते २७ मे २००९ रोजी बुडवलं गेलं. तांबं, पितळ, नौकेचे प्रॉपेलर यांच्या भंगारातून थोडे पैसे सुटतात, पण त्यावर अंदाजपत्रक उभं करू नका.

आता सफाई. ‘तेल काढलं, नौका धुतली’ एवढ्यावर ती संपत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००६ साली यासाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात सहा गट आहेत: तेल आणि इंधन, अ‍ॅस्बेस्टॉस, पीसीबी (जुन्या विद्युत साहित्यात वापरलेली, सहज न विघटणारी विषारी रसायनं), रंग, सुटा किंवा तरंगणारा कचरा, आणि इतर घातक वस्तू, म्हणजे पाऱ्याचे स्विच, बॅटऱ्या, शीतवायू वगैरे. तेल दिसतं, म्हणून ते निघतं. अडकतं ते न दिसणाऱ्या ठिकाणी. इंधनाच्या पाइपलाइनमध्ये जिथे खालचा वाक येतो तिथे झडप बंद करूनही लिटर-दोन लिटर उरतं. अशा शेकडो वाकांचं मिळून पाण्यावर तवंग धरण्याइतकं तेल होतं. म्हणून प्रत्येक लाइनचा सर्वात खालचा बिंदू शोधून तिथे फ्लँज (पाइपचा बोल्टने आवळलेला जोड) उघडायचा किंवा तुकडाच कापून काढायचा, आणि टाक्यांचे मॅनहोल कायमचे उघडे ठेवायचे. टाक्यांची सफाई गॅसकटर चालायच्या आधी झाली पाहिजे. क्रम उलटला तर माणसं मरतात. बंद टाकीत गंज हवेतला ऑक्सिजन खातो, त्यामुळे वास नसलेली, कोरडी, रिकामी दिसणारी टाकीही जीवघेणी असते. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल किंवा ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर असेल, तर कोणीही आत उतरायचं नाही. मोजणी रोज सकाळी, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा.

पीसीबी हा सर्वात महाग आणि सर्वात लपून बसणारा गट. तो जुन्या केबलच्या आवरणात असतो, ट्यूबलाइटच्या चोकमध्ये, यंत्रांखालच्या रबरी पायांत, काही रंगांत, आणि हवेच्या डक्टांच्या जोडांत. हा जोड एकदा जवळून बघण्यासारखा आहे. पत्र्याच्या डक्टाचे दोन तुकडे फ्लँजने जोडलेले असतात आणि मध्ये बोटभर रुंद नमद्याची गॅस्केट दाबलेली असते. जुन्या अमेरिकी नौकांवर ती पीसीबीत भिजवलेली असायची. रंगाच्या सात-आठ थरांखाली ती दिसतच नाही. डक्ट जागेवर ठेवून ती काढता येत नाही. बोल्ट कापून प्रत्येक जोड फोडावा लागतो. व्हॅन्डनबर्गवरून अशा सुमारे १,५०० गॅस्केट, दहा टनांहून अधिक अ‍ॅस्बेस्टॉस आणि आठ लाख फूट वायर काढली गेली. आकडे मोठे वाटतात, पण युद्धनौकेत वायर आणि डक्ट भरलेल्या असतात, आणि ते हाताने काढण्याचेच महिने लागतात.

पीसीबीची मर्यादा वजनाच्या १० लाख भागांत ५० भाग, म्हणजे ५० पीपीएम. त्यावरचा प्रत्येक पदार्थ निघाला पाहिजे. ‘जहाज नवं आहे, पीसीबी नसणार’ हे उत्तर मान्य करू नका. अमेरिकेच्या सागरी प्रशासनाने २०१२ मध्ये १९८५ पूर्वी बांधलेली जहाजं रीफसाठी देणं बहुतांशी थांबवलं, ते याच कारणाने. गुलदार पोलंडमध्ये बांधली गेली आणि १९८५च्या डिसेंबरात ताफ्यात आली, म्हणजे नेमकी त्या सीमारेषेवरची. अशा वेळी प्रमाण एकच: प्रयोगशाळेचा अहवाल. केबलचे प्रकार जाडी, रंग आणि आवरणानुसार वेगळे करायचे, प्रत्येक प्रकाराचे नमुने वेगवेगळ्या खणांतून घ्यायचे, आणि नमुना कुठून घेतला ते नौकेच्या नकाशावर खूण करून दाखवायचं. नकाशाशिवायचा नमुना-अहवाल निरुपयोगी असतो.

हे नौका घेण्याआधी का करायचं, ते ‘अ‍ॅनापोलिस’वरून कळतं. संस्थेने ती २००८ मध्ये विकत घेतली. नंतर तिच्यात पीसीबीयुक्त साहित्य निघालं, ते काढावं लागलं, मग स्थानिक विरोधकांनी कोर्टात धाव घेतली, आणि नौका ४ एप्रिल २०१५ ला हाल्केट बेमध्ये बुडाली. सात वर्षं. ऑस्ट्रेलियात ‘अ‍ॅडलेड’ मार्च २०१० मध्ये बुडायची होती. अव्होका बीचच्या रहिवाशांनी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, उरलेली वायरिंग आणि इन्सुलेशन काढण्याच्या अटी आल्या, आणि ती १३ एप्रिल २०११ रोजी बुडाली. त्या रहिवाशांना अडथळा आणणारे म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या आग्रहामुळे नौका अधिक स्वच्छ होऊन खाली गेली.

सफाईचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. इंजिनं, जनरेटर, पंप, इंधन हे सगळं नौकेच्या तळाशी असतं. ते काढलं की नौका हलकी होते आणि तिचा गुरुत्वमध्य वर चढतो. म्हणजे जितकी सफाई चांगली, तितकी नौका कलायला सोपी. त्यामुळे जुन्या कागदांवरचे स्थिरतेचे आकडे सफाईनंतर टाकाऊ ठरतात आणि कलचाचणी नव्याने करावी लागते. पद्धत साधी आहे. समजा नौका १,००० टनांची आहे. डेकवर ५ टन वजन एका बाजूकडून दुसरीकडे ८ मीटर सरकवलं आणि आत टांगलेला ३ मीटर लांबीचा लंबक १२ सेंटिमीटर सरकला, तर तिची स्थिरतेची उंची (नेव्हल आर्किटेक्ट ज्याला जीएम म्हणतात) १ मीटर निघते.

आता त्यातून पाणी काय काढून घेतं ते बघा. परातीत बोटभर पाणी घेऊन चालताना ते एका काठाकडे धावतं, तसंच नौकेच्या रुंद खणात होतं. १० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असा एकच खण अर्धवट भरला, तर १,००० टनांच्या नौकेचं जीएम सुमारे ०.६ मीटरने घटतं. असे दोन खण एकाच वेळी अर्धे भरले, की स्थिरता शून्याखाली जाते आणि नौका कोणत्यातरी एका बाजूला पडणारच. तोच खण मधोमध उभ्या भिंतीने दुभागला असेल तर नुकसान चौथाईवर, ०.१५ मीटरवर येतं. पण तेव्हा दोन्ही अर्ध्यांत पाणी सारखंच शिरलं पाहिजे, नाहीतर एका बाजूचं वजनच तिला ओढतं.

गुलदारबाबत माझी खरी काळजी इथे आहे. ती लँडिंग शिप आहे: सुमारे ८४ मीटर लांब, ९.७ मीटर रुंद, आत रणगाड्यांसाठी लांबच लांब मोकळा डेक. आडव्या भिंतींनी न तोडलेला असा डेक पाण्याला पळायला हवा तेवढा मोकळा रस्ता देतो. लँडिंग प्रकारच्या दोन मोठ्या नौकांचं काय झालं ते आठवा. १५५ मीटरची ‘स्पीगल ग्रोव्ह’ मे २००२ मध्ये फ्लोरिडातल्या की लार्गोजवळ ठरलेल्या वेळेच्या काही तास आधीच बुडायला लागली, उलटी झाली आणि नाळ (पुढचं टोक) पाण्याबाहेर काढून तशीच उभी राहिली. बचाव कंपनीने पुढच्या महिन्यात ती कुशीवर झोपवली. ‘टोब्रुक’ जून २०१८ मध्ये क्वीन्सलँडच्या किनाऱ्यापाशी बुडाली आणि सरळ बसण्याऐवजी उजव्या कुशीवर गेली. दोन्हींची कारणं एकच होती असं म्हणत नाही, पण मोकळ्या वाहन-डेकच्या नौकेसाठी मिनिटामिनिटाचं पाणी भरण्याचं गणित मागितलंच पाहिजे. त्यात प्रत्येक टप्प्याला कोणता खण किती भरलेला, किती अंश कल आणि जीएम किती उरलं, हे दिसायला हवं.

उपाय ठरलेले आहेत. दोन्ही बाजूंना समोरासमोर, सारख्या मापाची भोकं. आडव्या भिंतींत तळाजवळ मोठी छिद्रं, म्हणजे पाणी खणाखणांत एकदम पसरेल. प्रत्येक खणाच्या छतात हवा निघायला जागा. ही विसरली तर कोंडलेली हवा एक टोक वर धरून ठेवते. आणि वेग: धोक्याचा काळ जितका आखूड तितकं बरं. व्हॅन्डनबर्ग १५९ मीटरचं असून १ मिनिट ५४ सेकंदांत सरळ खाली गेलं. उलट ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका २००६ मध्ये ३७ मिनिटं घेऊनही सरळ बसली, कारण तिची रुंदी आणि आतली विभागणी वेगळी होती. लहान नौकेने तो धडा गिरवू नये.

डायव्हरसाठी पत्र्यात कापलेली दारं जलरेषेपासून चांगली वर हवीत, नाहीतर त्यांवर पाणबंद झाकणं वेल्ड करून ठेवायची. ‘युकॉन’ जुलै २००० मध्ये सॅन दिएगोपाशी जागेवर नांगरून ठेवली होती. बुडवण्याच्या आदल्या रात्री समुद्र खवळला, भोकांतून पाणी शिरलं आणि ती डाव्या कुशीवर तळाला गेली. जागेवर नेल्यावर नौका रात्रभर उभी ठेवायची वेळ येऊ नये, असंच वेळापत्रक हवं.

स्फोटकांबद्दल फार गैरसमज आहेत. यात नौका उडवत नाहीत, पत्रा कापतात. तांब्याच्या व्ही आकाराच्या पट्टीत भरलेलं कटिंग चार्ज आतून पत्र्यावर चौकोनात बसवतात, आणि तेवढा तुकडा सुटून पडतो. स्फोटकाचं वजन त्यामुळे कमी लागतं आणि पाण्यातला दाबाचा धक्काही. तरी आसपास डॉल्फिन किंवा कासवं दिसली तर थांबायचंच. अ‍ॅनापोलिसच्या वेळी डॉल्फिनचा कळप आला म्हणून काम रोखलं होतं. दिवस निवडायचा तो भांगाचा, उधाणाचा नको, म्हणजे ओढ कमी राहते. चार बाजूंना चार नांगर, दिशा ठरलेली. नंतर सर्वात आधी स्फोटकतज्ज्ञ डायव्हरच उतरतात आणि प्रत्येक चार्ज उडालं का ते मोजतात. तोवर कोणीही खाली जायचं नाही, मंत्र्यांच्या पाहुण्यांनीसुद्धा.

जागा. वाळूचा थर हवा, पण त्याखाली कठीण तळ हवा. चिखलात नौका रुतते आणि खडकावर तिचा कणा मोडतो. तळ सपाट हवा. बुडालेल्या नौकेवरून जाणाऱ्या बोटींना पुरेसं पाणी हवं. हे सगळं सर्वेक्षणातून कळतं. चुकतं ते लाटांच्या बाबतीत. न्यूझीलंडची ‘वेलिंग्टन’ नोव्हेंबर २००५ मध्ये कुक सामुद्रधुनीच्या तोंडावर, सुमारे २५ मीटर पाण्यात बुडवली. काही महिन्यांतच दक्षिणेकडून आलेल्या वादळाने तिचे तुकडे केले. ‘स्पीगल ग्रोव्ह’ ४० मीटर पाण्यात होती, तरी जुलै २००५ मध्ये डेनिस चक्रीवादळाने ती कुशीवरून उचलून सरळ उभी केली. हजारो टन पोलाद तळावर हलवणारी ताकद लाटेत असते.

आपला पावसाळा बघा. ४ मीटरची लाट, १० सेकंदांचं अंतर, हे कोकणच्या खुल्या समुद्रात जून-जुलैला नवल नाही. अशी लाट २२ मीटर खोल तळाशी पाणी सेकंदाला सुमारे ०.९ मीटर वेगाने पुढे-मागे हलवते, ३० मीटरवर सुमारे ०.७ मीटर. म्हणजे आठ मीटर खोली वाढवूनही फरक पाव हिश्शाचाच. हा झोका दर दहा सेकंदांनी, चार महिने. नौकेची बाजू लाटेला आडवी ठेवली तर तो सगळा जोर ८४ मीटर लांब भिंतीवर बसतो. नाळ नैर्ऋत्येकडे ठेवली तर खूप कमी. म्हणून बसवण्याची दिशा लाटांच्या अभ्यासात लिहिलेली असावी. शिवाय नाळ आणि पिछाडीजवळची वाळू खणली जाऊन नौका रुतते: ओरिस्कनीचा डेक २००८ च्या गुस्ताव वादळानंतर सुमारे तीन मीटर खाली गेला. आपल्याकडे हा पहिल्याच पावसाळ्यात दिसणारा परिणाम आहे.

डायव्हरच्या सुरक्षिततेचा नियम एकच धरावा: आत कुठेही उभं राहिलं तरी बाहेरचा उजेड दिसला पाहिजे. दोन डायव्हर शेजारून निघतील एवढी, दीड बाय दीड मीटरची दारं, दोन्ही बाजूंना, पाच-सहा मीटरवर. पाणबंद दरवाजे आणि झाकणं काढून टाकायची. लोंबणारी एकही केबल नको. इंजिनरूमखालचे अरुंद कोपरे आणि प्रॉपेलरच्या दांड्यांचे बोगदे जाळीने वेल्ड करायचे, पत्र्याने नाही, कारण पत्र्यामागे हवा अडकते. गाळ हा खरा वैरी. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ २००४ मध्ये बुडवलेल्या ‘सिला’च्या आत २००७ मध्ये दोन डायव्हर मेले. कोकणात नद्यांचा गाळ दर पावसाळ्यात येणार, त्यामुळे उघडलेल्या खोल्याही काही वर्षांत भरतात. कोणत्या खोल्या बंद करायच्या हे दर ऑक्टोबरला नव्याने ठरवावं लागेल. नौका कुशीवर पडली तर आतली जमीन भिंत होते आणि सराईत माणूसही रस्ता चुकतो. तशा स्थितीत आत जाण्याची परवानगी सुरुवातीला देऊच नये.

मच्छीमारांचा प्रश्न वाजवी आहे: मासळी वाढते, की आजूबाजूची एका जागी गोळा होते? पहिल्या एक-दोन वर्षांत गोळाच होते. गोबरा, तांबोशी यांसारखे मासे आडोशाला येतात. वाढ व्हायची तर तिथे मासेमारी बंद हवी. रीफ बनवून त्यावर गळ आणि जाळी चालू ठेवली, तर विखुरलेली मासळी एका ठिकाणी आणून संपवण्याचं काम होतं. म्हणून नौकेभोवती किती त्रिज्येत बंदी, कोणत्या जाळ्यांना, आणि ज्यांची जागा जाते त्यांना काय मिळणार, हे बुडवण्याआधी गावागावांत बसून, लेखी ठरवा. ट्रॉलर फिरकला तर जाळं नौकेत अडकतं, आणि ते मासे मारत राहतं आणि डायव्हरच्याही जिवावर येतं. जाळी काढायला दरवर्षी वेगळी रक्कम ठेवा.

देखभालीचा हिशोबही तेव्हाच मांडा. समुद्राच्या पाण्यात पोलाद एका बाजूने वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजतं. ६ मिलिमीटरच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी मिळून तीस वर्षं. वरची बांधणी पातळ असते, ती आधी कोसळते. बोटी बांधायला नाळ, मध्य आणि पिछाडीला डेकखालच्या फ्रेमवर जाड पत्रे आणि कड्या बुडवण्याआधीच वेल्ड करा. नंतर पाण्याखाली ते काम कितीतरी पट महाग पडतं. बोया मेअखेर काढायचे, पावसाळ्यानंतर साखळी आणि शॅकल (साखळी जोडायच्या कड्या) बदलून पुन्हा टाकायचे. हे कोण करणार आणि पैसे कुठून, याचं नाव आणि रक्कम करारात नसेल, तर तिसऱ्या वर्षी बोटी थेट नौकेवर नांगर टाकायला लागतात.

शेवटी, आत्ताच करता येण्याजोगं एक काम. ठरलेल्या जागेवर आणि तुलनेसाठी जवळच्या एखाद्या नैसर्गिक खडकावर, पाणी स्वच्छ असताना, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मोजणी करा: ५० मीटरच्या पट्ट्या, प्रत्येक जागी किमान चार, माशांच्या जाती, संख्या आणि अंदाजे लांबी, तळाचे फोटो, गाळाचे नमुने. गाळात शिसं, तांबं, टिनची संयुगं आणि पीसीबी तपासून घ्या. नौका बुडाल्यावर सहा महिन्यांनी, मग दरवर्षी, त्याच पट्ट्यांवर तेच मोजा. तारकर्लीच्या डायव्हिंग संस्थेत शिकलेली स्थानिक मुलं हे काम करू शकतात. पहिली मोजणी नौका तिथे पोहोचण्यापूर्वीच झाली पाहिजे.